मालकाचे पूर्ण नाव

आमच्या तिसगावात कुत्रा कोणी पाळत नाही. तो असतो. जसं ऊन असतं, धूळ असते, कल्याणहून निर्मळकडे जाणाऱ्या महामार्गावरचे ट्रक असतात, तसा कुत्राही असतो. सकाळी दार उघडावं तर तो पायरीवर असतो, दुपारी समोरच्यांच्या ओट्याखाली असतो, संध्याकाळी गिरणीपुढे पिठानं पांढरा होऊन बसलेला असतो, आणि रात्री नेमका आपल्याच खिडकीखाली उभा राहून पाथर्डीच्या कुत्र्यांशी बोलत असतो. पण तो कोणाचा, हा प्रश्न गेल्या कित्येक पिढ्यांत कोणी विचारलेला नव्हता. विहीर कोणाची, बांध कोणाचा, बांधावरची बाभळ कोणाची, यावर आमच्याकडे आज्यापणज्यांपासून दावे चाललेले आहेत. त्या बाभळीच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्यावर मात्र कोणी दावा लावल्याचं ऐकिवात नाही.

शहराचं तसं नाही. शहरात कुत्रा आणावा लागतो. आणण्याआधी त्याची जात पाहतात, जातीप्रमाणे किंमत मोजतात (लग्नाच्या बाजारात हीच रीत आहे, असं म्हणणारे म्हणोत बापडे), मग महापालिकेचा परवाना, लशीचं कार्ड, गळ्यात पट्टा, आणि सकाळी फिरायला नेताना मालकाच्या हातात वर्तमानपत्राचा कागद. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या सोसायटीत मी एकदा दोन महिने राहिलो. त्या दोन महिन्यांत गच्चीच्या गळतीवर सभा झाली तिला सात माणसं होती. कुत्र्यांवर सभा झाली तिला खुर्च्या कमी पडल्या.

चेअरमनांचा ठराव होता की कुत्र्यांनी लिफ्ट वापरू नये, जिन्यानं जावं. ठराव हात वर करून मंजूर होणार, तोच तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई फाइल घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की भारतीय पशु कल्याण मंडळ नावाची एक सरकारी संस्था आहे, ती १९६२ साली स्थापन झाली आणि भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्या मंडळानं २०१५ साली लेखी कळवलेलं आहे की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमतानंही नाही. लिफ्टही बंद करता येत नाही. आणि भुंकणं हा कुत्र्याचा स्वभावच असल्यामुळे शेजाऱ्यांनी तो सहन करावा. यावर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चेअरमनांच्या बाबतीत आपण हे आधीपासूनच पाळतो आहोत." सभा तिथेच संपली.

तसं पाहिलं तर या भांडणाचं मूळ पार महाभारतात सापडतं. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात पोचला तेव्हा इंद्रानं त्याला हेच सांगितलं, की आपण या, कुत्रा चालणार नाही. वाटेत बायको पडली, चार भाऊ पडले, तरी हा गृहस्थ थांबला नव्हता. कुत्र्यासाठी मात्र दारात अडून बसला. शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला आणि इंद्राला पडतं घ्यावं लागलं. पुण्याच्या सोसायटीत एवढीच अडचण आहे की तिथला कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच निघतो.

असो. मी सांगणार होतो आमच्या आळीतल्या कुत्र्याबद्दल.

त्याच्या अंगाचा रंग चहा सांडलेल्या धोतरासारखा. एक कान उभा आणि एक पडलेला, त्यामुळे तो सदा अर्धवट ऐकत असल्यासारखा दिसे. टेबलामागे खुर्चीत बसवला असता तर मोठा अधिकारी म्हणून खपून गेला असता. आळीत नऊ घरं, आणि नऊ घरांत त्याची नऊ नावं. समोरच्या जिजी त्याला 'खंडू' म्हणत, कारण तो पिल्लू असताना रविवारी आला आणि रविवार खंडोबाचा. पोरं 'टायगर' म्हणत. चहाच्या टपरीवर त्याला 'पार्ले' म्हणत, त्याचं कारण उघड आहे. आमच्याकडे 'मोती'. गिरणीवाले नाना त्याला फक्त 'हाड' म्हणत, आणि या नावाला तो सगळ्यांत जोरात शेपूट हलवी. त्याचा अर्थ त्याच्या दृष्टीनं वेगळा होता. जेवणाच्या वेळी तो नऊच्या नऊ नावांना ओ देई. एरवी एकाही नाही.

त्याचा दिवस मामलेदाराच्या दौऱ्यासारखा आखलेला असे. सकाळी जिजींची बाजरीची शिळी भाकर दुधात कुस्करून, मग टपरीवर बिस्किट, दुपारी आमच्याकडे भातातलं खालचं, संध्याकाळी ज्यांच्याकडे पाहुणे आले असतील त्यांच्याकडे. पाहुणे कोणाकडे आले आहेत हे आम्हांला त्याच्यावरून कळे. चोर आला तर तो भुंकेल अशी सगळ्यांची समजूत होती. चोर कधी आला नाही, म्हणून समजूत टिकून होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना १२ ऑगस्ट २०२५ हा मंगळवार उजाडला. त्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर मोठी बातमी होती. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला होता की दिल्ली आणि आसपासचे सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा आणि पुन्हा रस्त्यावर सोडू नका. नानांनी तो पेपर गिरणीत मोठ्यांदा वाचून दाखवला. दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवला. नानांचं आणि कुत्र्याचं कधी जमलं नव्हतं. "बघा," ते म्हणाले, "सुप्रीम कोर्टसुद्धा हाडच म्हणतंय."

मी म्हटलं, "नाना, तो हुकूम दिल्लीपुरता आहे."

"आज दिल्ली, उद्या करंजी, परवा तिसगाव," नाना म्हणाले.

हे बोलणं कुत्र्याच्या कानावर गेलं की काय कोण जाणे. गेलं असलं तरी एक कान पडलेला असल्यामुळे अर्धवटच गेलं असणार. कारण त्याच दिवशी दुपारी तो चावला, आणि चावला तोही नानांच्याच नातवाला.

यात कुत्र्याचा दोष किती, हे वाचकांनीच ठरवावं. पोळा दहा दिवसांवर आलेला. पूर्वी नानांच्या दावणीला दोन जोड्या होत्या. आता ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरला शिंगं नसतात. नातू सात वर्षांचा, शिंगं रंगवायची त्याला भारी हौस. त्यानं घरातला हिंगूळ पळवला आणि कुत्र्याच्या कानांपासून सुरुवात केली. उभा कान लालभडक रंगून झाला तोवर कुत्रा गप्प होता. पडलेला कान उभा राहीना, तेव्हा पोरानं तो ओढून वर करायला घेतला, आणि त्याच्या दंडाखाली चार दातांची रांग उमटली.

आरडाओरड झाली. आळी गोळा झाली. जिजी म्हणाल्या, जखमेत तिखट भरा. कोणी म्हणालं चुना लावा. एकानं तर चांगल्या उतारावरचा एक मांत्रिक सुचवला. आमच्या हिनं कोणाचं न ऐकता पोराला उचलून मोरीत नेलं आणि कपड्याच्या साबणाच्या वडीनं जखम धुवायला सुरुवात केली. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, हे तिनं कुठेतरी वाचलेलं होतं. आता पाथर्डी तालुक्यात राहून पंधरा मिनिटं वाहतं पाणी ही काय चीज आहे, ते बाहेरच्याला समजायचं नाही. नळाचा दिवस नव्हता. तिनं पिंपातलं पाणी तांब्यानं ओतलं, आणि ते संपल्यावर शेजारणींनी न मागता आपापल्या घागरी आणून दिल्या. आमच्याकडे घागर देणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल.

मग सरकारी दवाखाना. नानांच्या डोक्यात जुनी चौदा इंजेक्शनं होती, बेंबीभोवती घ्यायची. त्यांच्या लहानपणी त्यांच्या चुलतभावानं ती घेतली होती आणि त्या कथेवर सबंध खानदान कुत्र्याला भीत आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की ती लस केव्हाच गेली. २००४ सालानंतर आपल्या देशात ती बनतही नाही. आता दंडात, आणि तीही आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. नानांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा पाळीव का भटका?"

नानांना उत्तर येईना. नऊ घरचं खाणारा कुत्रा भटका कसा म्हणावा? आणि ज्याला मालक नाही तो पाळीव कसा?

"लस टोचलेली आहे?"

हाही प्रश्न तसाच गेला.

"बरं, मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा," डॉक्टर म्हणाले. "दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजायचं. मेला, किंवा काही वेगळं वागायला लागला, तर लगेच मला कळवा. पोराची इंजेक्शनं मात्र चुकवायची नाहीत." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा रोग एकदा दिसायला लागला की त्याच्यावर औषध नाही."

नाना परत आले तेव्हा इकडे आळीतल्या तरुण मंडळींनी टेंपो आणि पोतं तयार ठेवलं होतं. कुत्र्याला करंजीच्या घाटात नेऊन सोडायचं, असं ठरलं होतं. आमच्याकडे नको असलेल्या प्रत्येक जिवाला करंजीचा घाट आहे. मी म्हटलं, "अरे, २००१ सालापासून नियम आहे आणि २०२३ साली नवीन झाला आहे. रस्त्यावरचा कुत्रा धरला तरी नसबंदी करून, लस टोचून, कानाला खूण करून जिथून उचलला तिथेच आणून सोडायचा असतो. घाटात नाही."

"भाऊसाहेब, नियम राहू द्या," एक जण म्हणाला.

पण नानाच पुढे झाले. त्यांनी टेंपोची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली. "कुत्रा कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "उद्या डॉक्टरनं विचारलं कुत्रा कसा हाये, तर मी काय घाटाला विचारू?"

आणि इथून आमच्या आळीत मालकीचा प्रश्न पहिल्यांदा निघाला. कुत्र्यावर नजर ठेवायची तर तो बांधायला हवा. बांधायचा तर कोणाच्या तरी दारात. आणि ज्याच्या दारात बांधला तो मालक. नऊ घरांचा लाडका टायगर पाच मिनिटांत पोरका झाला. एकाकडे सोवळं होतं, एकाकडे बाळंतीण होती, एकाकडे खांबच नव्हता. आम्ही विचार करत होतो, म्हणजे मी विचार करत होतो आणि ही माझ्याकडे बघत होती, तेवढ्यात जिजी ओट्यावरून म्हणाल्या, "दावं आणा इकडं."

जिजींच्या ओसरीच्या खांबाला कुत्रा बांधला गेला. जन्मात पहिल्यांदा.

पुढचे दहा दिवस आमच्या आळीनं घड्याळ बाजूला ठेवून कुत्र्यावर चालवले. आणि त्यात पहिला नंबर नानांचा. ज्या माणसानं आयुष्यात त्या जिवाला 'हाड'शिवाय शब्द दिला नाही, तो पहाटे चारला उठून बॅटरी घेऊन जिजींच्या ओसरीवर येई आणि पाणी पितो का ते बघे. हातभर लांब उभं राहायचं, काठीनं थाळी पुढे सारायची, आणि कुत्र्यानं जीभ लावली की सुटकेचा श्वास टाकायचा. सकाळी सात वाजता गिरणीत नानांचं पत्रक निघे : "रात्री दोनदा भुंकला. आवाज नेहमीचा. भाकर अर्धी खाल्ली. शेपूट चालू." मोठ्या पुढाऱ्याला दवाखान्यात ठेवलं की बाहेर येऊन डॉक्टर सांगतात, अगदी तसं. दळणाला आलेल्या बायका कुत्र्याची प्रकृती विचारूनच पाटी खाली ठेवत.

१५ ऑगस्टला दुसरं इंजेक्शन होतं. शाळेतून झेंडावंदन करून पोरगं शर्टाला कागदी झेंडा लावलेलं तसंच दवाखान्यात गेलं आणि रडलं नाही. नाना मात्र बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांच्याकडे मला बघवलं नाही. मी रस्त्यावरचे ट्रक मोजत उभा राहिलो.

पाचव्या दिवशी कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलं नाही.

सकाळी लावलं नाही, दुपारी लावलं नाही. आळीचा आवाज बंद झाला. नानांनी गिरणीचा पट्टा उतरवला आणि जनावरांच्या डॉक्टरांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी लांबून पाहिलं, चालवून पाहिलं, पाणी ठेवून पाहिलं. ते कुत्रा घटाघट प्यायला. मग त्यांनी विचारलं, "याला खायला कोण घालतं?" जिजी म्हणाल्या, मी. हळूच आमची ही म्हणाली, सकाळी थोडं मीपण. मग टपरीवाला पुढे आला. मग एकेक करत आठ घरं कबूल झाली. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, ही आपली रीत. सगळ्यांनी एकमेकांच्या चोरून खायला घातलं होतं. पूर्वी नऊ घरं फिरून तो जे पचवत होता, ते आता बसल्या जागी नऊ वेळा येत होतं. "अजीर्ण आहे," डॉक्टर म्हणाले. "एक दिवस उपाशी ठेवा." आणि बाहेर पडता पडता नानांना म्हणाले, "तुम्हीही काही तरी खाऊन घ्या."

त्या दिवसांत मला झोप येत नसे, म्हणून मी भाच्याकडून मोबाइलवर कायदा काढून घेतला आणि रात्री वाचत बसे. निवृत्त कारकुनाला गावात वकील समजतात, तेव्हा थोडी तयारी ठेवावी लागते. मंडळी, प्राण्यांचा कायदा फार वाचनीय आहे. १९६० सालचा जो मूळ कायदा, त्यात कुत्र्याला सदानकदा साखळीनं बांधून ठेवून फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा आहे. अन्नपाणी, निवारा दिला नाही तर गुन्हा. टाकून दिलं तर गुन्हा. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. पासष्ट वर्षांनी मी वाचला तेव्हाही तेवढाच होता. पन्नास रुपयांत आमच्या स्टँडवर दोघांचा वडापाव आणि चहासुद्धा नीट होत नाही.

घटनेचीही पानं चाळली. राज्यांनी कोणकोणते कर बसवावेत त्या यादीत ५८ वी नोंद आहे : प्राणी आणि नौका यांवरील कर. प्राणी आणि नौका यांची सोयरीक कोणी जुळवली असेल? आमच्याकडे नौका नाही. नौकेला लागतं ते पाणीच नाही.

त्यातून गाढवाकडे वळलो. तिसगावात राहून गाढवाकडे न वळणं अवघड आहे, कारण मढी जवळ. कानिफनाथांची समाधी तिथे. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, भटक्यांची पंढरीच ती. आणि रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. वडार, कुंभार, बेलदार लांबलांबून येतात, दात बघतात, पाठ बघतात, सौदा करतात. या गाढवासाठी १९६५ सालचे नियम आहेत. त्याच्या पाठीवर ५० किलोंच्या वर ओझं घालायचं नाही. दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर तर नाहीच. आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ गाढवाला सुट्टी. मी हे कौतुकानं हिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, आणि मग लग्नसराईत ती स्वतः किती तास उभी होती त्याचा हिशोब सांगायला लागली. मी पान उलटलं.

पुढच्या पानावर पोपट होता. आपला साधा हिरवा, लाल चोचीचा, मिरची खाणारा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या प्रेमपक्ष्यांची जोडी मात्र बाजारात रीतसर मिळते. शिवाजीमहाराजांच्या काळापासून 'विठू विठू' म्हणणाऱ्याला बंदी आणि आफ्रिकेहून आलेल्याला पिंजरा! अर्थात, बंदी कोणाच्या फायद्याची, हे पोपटाला विचारलं पाहिजे. त्या प्रेमपक्ष्यांचीही एक गंमत आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात एक आजी नातीला घेऊन बंगळूरहून म्हैसूरला सरकारी बसनं निघाली. तिकडे बायकांना प्रवास फुकट, त्यामुळे दोघींचं तिकीट शून्य. पण बरोबरच्या पिंजऱ्यात चार पाखरं होती. कंडक्टरनं त्यांची अर्धी तिकिटं फाडली, प्रत्येकी १११ रुपये, एकूण ४४४. ज्यांना पंख आहेत त्यांनी भाडं भरलं.

२२ ऑगस्टला दहा दिवस भरले, आणि त्याच दिवशी पोळा होता. पहाटे नाना ओसरीवर आले तेव्हा कुत्रा उभा राहून आळस देत होता. एक कान अजून लाल. नानांनी काठी बाजूला ठेवली, जवळ गेले, आणि स्वतःच्या हातानं दावं सोडलं. "हाड," ते म्हणाले, पण इतक्या हळू की जिजींनाही ऐकू गेलं नसेल. कुत्र्यानं शेपूट हलवली आणि दहा दिवसांचं राहिलेलं काम असल्यासारखा तरातरा गिरणीकडे निघाला.

संध्याकाळी वेशीत बैल आले, ट्रॅक्टरही आले. ट्रॅक्टरच्या दिव्यांना झेंडूच्या माळा होत्या. नानांच्या घरच्या पहिल्या पुरणपोळीचा मान कोणाला मिळाला ते सांगायला नको. त्याच दिवशी दिल्लीचा हुकूमही बदलला : नसबंदी आणि लस करून कुत्रे होते तिथेच परत सोडा, पिसाळलेले आणि अंगावर येणारे सोडून, आणि रस्त्यात कुठेही खायला घालू नका, नेमलेल्या जागीच घाला. बातमी ऐकून मला नामदेवांची आठवण आली. कुत्रा भाकरी पळवतो आहे आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावताहेत, की देवा, कोरडी खाऊ नकोस. आजच्या नियमानं त्यांना आधी जागा नेमून घ्यावी लागली असती.

सोमवारी कुत्र्याला लस टोचायला नेलं. आळीतले सात-आठ जण बरोबर. डॉक्टरांनी कार्ड काढलं.

"प्राण्याचं नाव?"

नऊ नावं एकदम आली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेवटी सुईला सामोरा जाताना तो ज्याच्या हाकेला वळेल ते नाव, असं ठरलं. सगळ्यांनी हाका मारल्या. तो कोणाकडेच वळला नाही. नाना कंटाळून "हाड!" म्हणाले, तसा वळला. "हे लिहिता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी 'खंडू' लिहिलं.

"वय?"

"रस्ता खोदला तेव्हा पिल्लू होता."

"कोणत्या वेळी खोदला तेव्हा?"

यावर दोन तट पडले. डॉक्टरांनी अंदाजे पाच लिहिलं.

"जात?" देशी. "रंग?" अंगाचा चहासारखा, एक कान तात्पुरता लाल.

"मालकाचे पूर्ण नाव?"

सगळे गप्प झाले. ही गप्प मात्र दहा दिवसांपूर्वीची नव्हती. नाना घसा साफ करून म्हणाले, "माझं लिहा." टपरीवाला म्हणाला, "तसं म्हटलं तर जास्ती बिस्किटं माझी खाल्लीत." एक जण म्हणाला, आळीच्या नावानं लिहा. डॉक्टर म्हणाले, आळीला सही करता येत नाही. कुत्र्यानं कोणाला इजा केली तर कायदा माणसाला विचारतो, जुन्या दंडसंहितेतही विचारत होता आणि २०२४ पासूनच्या न्यायसंहितेतही विचारतो. पाच हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. हे ऐकून टपरीवाल्याची बिस्किटं कमी झाली. नाना तसेच उभे होते.

तेव्हा मागून जिजी आल्या. पदर खोचून, खांद्याला धरून बाजूला सारत. "माझं लिव्ह, बाबा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"जिजी, तुमचं वय काय, कशाला भानगडीत पडता?" नाना म्हणाले.

"शेताचा सातबारा पोरांच्या नावावर," जिजी म्हणाल्या. "घर धाकट्याच्या नावावर. लाइटबिल अजून सासऱ्याच्या नावावर येतंय, त्यांना जाऊन चाळीस वरसं झाली. रेशनकार्डावर माझं नाव हाये, पर ते सरकारनं घातलं, मला कुणी इचारलं नाही. हे मी सांगती म्हणून लिव्ह."

डॉक्टरांनी पेन उचललं. "बोला, पूर्ण नाव."

जिजी थांबल्या. आयुष्यभर त्यांना जिजी, आई, वहिनी, मामी याच हाका आलेल्या. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव. आळीतल्या निम्म्या लोकांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी चाळीस वर्षं समोर राहतो, मलाही कळलं. इथे लिहीत नाही, कार्डावर आहे.

पोराचं शेवटचं इंजेक्शन ९ सप्टेंबरला झालं. नोव्हेंबरच्या ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथले भटके कुत्रे हलवण्याचा हुकूम सगळ्या राज्यांना दिला, तेव्हा नाना तो पेपर घेऊन धावत जिजींकडे आले. जिजींनी फळीवरचा डबा काढला. त्यात आधारकार्डाच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत, लशीचं कार्ड होतं. नानांनी ते दोनदा वाचलं आणि पेपरची घडी घातली.

मालकी आली की तक्रारी येतात, हे मात्र खरं. पूर्वी चप्पल गेली तर लोक कुत्र्याला शिव्या देत. आता जिजींच्या दारात उभे राहतात. "तुमच्या कुत्र्यानं माझी डावी नेली." जिजी ओट्याखाली हात घालतात आणि तीन-चार चपला काढून पुढे टाकतात, "बघ, यात हाये का तुझी." परवा तर नानाच आले. म्हणाले, "जिजी, तुमचा कुत्रा माझ्या गिरणीत पिठाच्या पोत्यावर झोपलाय."

"मग झोपू दे की," जिजी आतूनच म्हणाल्या. "माझा हाये म्हणून काय मी त्याला उठवू?"